तिसऱ्या धुण्याचं पाणी

आजी: …तुझ्या पणजोबांनी दोन हौदांवर ही रंगशाळा उभी केली, आजोबांनी दोनाचे आठ केले, तुझ्या बापाने त्यांवर छप्पर घातलं. तिघांनीही रंगवलेलं सूत दर वेळी ताज्या पाण्यातच धुतलं. उष्टं पाणी या घराला ठाऊक नाही.

नात: आजी, ताजं पाणी राहिलंय कुठे? दुपारी दोनलाच विहिरीचा पंप नुसती हवा ओढतो. असंच चाललं तर सोमवारपासून निम्मी माणसं घरी बसवावी लागतील.

आजी: माझ्या हयातीत इथून कुणी घरी बसलेलं नाही.

नात: म्हणून तर हे तीन पेले आणलेत. एकाच लॉटच्या तीन धुण्यांचं पाणी. पहिलं बघ, निव्वळ शाई. दुसरं पुसट निळं. आता हे तिसरं.

आजी: यातून तर तुझी बोटं दिसतात.

नात: आणि हेच आपण रोज गटारात सोडतो! ते पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला घ्यायचं. फिकट रंग आधी, गडद नंतर. एकदम आठही हौद नाहीत. दर आठवड्याला एक. चुकेल तिथे थांबायचं, सुधारायचं, मग पुढे.

आजी: डोकं बरं चालवलंस.

नात: माझं नाही गं. रंगारीकाकांचं. अठरा वर्षांपूर्वीचं.

आजी: …बोलाव त्याला.

रंगारी: आलो, बाई.

आजी: तिसऱ्या धुण्याच्या पाण्याची नळी पहिल्या हौदाला आजच जोडायची.

रंगारी: दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

आजी: जीभ फार लांब झाली तुझी?

रंगारी: असाच पेला घेऊन आलो होतो मी, हौदांपाशी. तुम्ही म्हणालात, 'आधी स्वतःच्या घरची भांडी घास त्या पाण्याने.' सगळे पोट धरधरून हसले. पुढे वर्षभर मला 'उष्टोबा' म्हणायचे.

नात: काका, हे कधी बोलला नाहीत मला.

रंगारी: मिरवण्यासारखं काय होतं त्यात, ताई?

आजी: आणि मी हुकूमच सोडला तर?

रंगारी: नळी जोडीन, बाई. पण आधीचा रंग पाण्यात किती उरला, ते डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. ते नळीने होत नाही. तेवढं मन आता लागायचं नाही.

आजी: माझी काठी दे गं. यंत्रं थांबवायला सांग.

नात: आत्ता? निम्मा लॉट हौदात आहे!

आजी: मग तो निघेपर्यंत उभी राहीन.

(हौदांपाशी. यंत्रं थांबलेली, माणसं गोळा झालेली.)

आजी: ऐका सगळे. अठरा वर्षांपूर्वी, याच जागी, या गृहस्थांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. पुरतं ऐकूनही न घेता मी त्यांचं हसं केलं. चूक माझी होती. इथून पुढे पाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा, माझ्याही वरचा.

रंगारी: बाई, एवढं कशाला…

आजी: मध्ये बोलू नका. त्या दिवशी हसायला बावीस जण होते. त्यांतले सतरा आज समोर आहेत. उरलेल्या पाच जणांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

रंगारी: चौघंच, बाई. एक जण मागच्या वर्षी गेला.

आजी: मग त्याच्या बायकोला सांगेन.