इडलीपात्रातलं रीळ

हॅलो?... हो, मीच, देविका. बोल ऋजुता... अगं ऐकू येतंय मला, शेजारच्या सीतालक्ष्मी मामींनासुद्धा ऐकू येत असेल, जरा हळू!... नाही, आई घरी नाहीत... अगं गेल्या म्हणजे बाहेर गेल्यात! स्टेशनवर नव्हे. तुझ्या दादाबरोबर अड्यारला, समुद्रावर... हो, साडेपाचला निघाले... दसरा आहे हे मला ठाऊक नाही का? तोरण लावून झालंय, पुरण शिजतंय.

काय?... कसलं तिकीट?... आजच्या पुण्याच्या गाडीचं? आईंचं? आणि तुझे अनयराव एजंटकडे निघालेसुद्धा?... थांबव त्यांना. बूट काढायला सांग... अगं थांबव म्हणते ना! काल आईंनी तुला रडत फोन केला तो सात वाजता. सातनंतर काय झालं ते तुला कुठे माहीत आहे?

हो, ओरडला. नाही कुठे म्हणतेय मी?... वाईट ओरडला. ‘कळत नाही तर हात कशाला लावतेस’ असं म्हणाला. स्वतःच्या आईला. मी बायको असले तरी मला कान आहेत. त्याची बाजू घेत नाहीये मी. पण पहिल्यापासून ऐक, नाहीतर तुझ्या डोक्यात ते एकच वाक्य बसून राहील.

दादाचं ते वेड तुला माहितीये ना, मासे पकडायची जुनी रिळं दुरुस्त करायचं?... हो, गळाच्या काठीला खाली लटकतात ती. हँडल फिरवलं की पुढची तारेची कमान गरगर फिरते आणि दोरी रिळावर गुंडाळली जाते... अगं मासा कुठला खातोय हा! आपल्या घरात अंडं येत नाही. ह्याला फक्त यंत्र पाहिजे. कारखान्यात दिवसभर गिअरबॉक्स तपासतो आणि रविवारी घरी बसून परत गिअर घासतो. हौस!

तर ते बालाजीराव... तंजावरचे मराठी, आमच्या मागच्या गल्लीतले, बंदरात नोकरी झाली त्यांची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दादाला हे सगळं काम त्यांनीच शिकवलं, स्वतःची हत्यारंपण देऊन टाकली. आज रात्रीच्या विमानानं ते कॅनडाला चाललेत, मुलीकडे... फिरायला नाही गं, कायमचे. घरसुद्धा रिकामं केलं. त्यांच्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, एक फ्रेंच रीळ आहे, पन्नास वर्षांचं. भाऊ गेला, पुढे कधीतरी रीळ खाऱ्या हवेनं धरून बसलं ते बसलंच. म्हातारबुवा दादाला एवढंच म्हणाले, जायच्या दिवशी पहाटे एकदा अण्णाच्या रिळानं गळ टाकायचाय. बस्स. दुसरं काही मागितलं नाही त्या माणसानं.

हो, हो... येते, तिथेच येते. आता बघ. रीळ उघडताना दादाची पद्धत काय? इडलीपात्र. माझं जुनं इडलीपात्र पळवलंय त्यानं. जो भाग आधी निघाला तो पहिल्या खळग्यात, मग दुसरा, मग तिसरा, सोळापर्यंत. लावताना उलट्या क्रमानं लावायचं. कागद नको, फोटो नको. आणि परवा ते भरलेलं इडलीपात्र कुठे ठेवलं शहाण्यानं?... बरोब्बर. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर!

काल खंडेनवमी. आई सकाळी उठल्या, घरातलं झाडून सगळं पितळ काढलं. समई, ताम्हण, निरांजन... आणि इडलीपात्रातलं सोळा खळग्यांचं पितळ. चिंच-मीठ लावून असं लख्ख घासलं की नव्या नवरीसारखं! वर नीटनेटकेपणा बघ, टॉवेलवर उतरत्या भांजणीनं मांडलं, मोठ्यापासून लहानापर्यंत. प्रत्येकावर हळदकुंकू. शेजारी हत्यारं, त्यांना गंध, झेंडूची फुलं, नारळ... हसतेस काय? मलाही आत्ता हसू येतंय, काल आलं नव्हतं!

मी? मी आंघोळीला होते बाई. बाहेर आले तर आरती चालू.

दुपारी हा कारखान्यातली पूजा आटोपून आला. टॉवेलकडे बघितलं आणि पांढराफटक पडला. मोठे भाग तो झोपेतसुद्धा लावेल गं, पण त्यात सात चकत्या होत्या, पितळेच्या, पातळ. एक तर पतंगाच्या कागदाएवढी पातळ. कुठली कुठे जाते त्यावर गिअर हलका फिरतो की जड, सगळं ठरतं. तो क्रम गेला. मग ओरडला. मग स्क्रूड्रायव्हर उचलायला गेला तर आईंनी हात धरला. पूजेची हत्यारं आज उचलायची नाहीत! इथल्या लोकांतही तेच आहे, आयुधपूजेला हत्याराला विश्रांती, दुसऱ्या दिवशी पूजा उतरवून मगच हात लावायचा. बालाजीरावांनीही हत्यारं देताना तसंच बजावलेलं. तेव्हा त्यानं ते वाक्य टाकलं... हो, तेच. आई आत जाऊन बॅग भरायला लागल्या.

मला काय वाटलं? मला रडायला आलं. सणासुदीला एक खोलीत बॅग भरतेय, एक गॅलरीत डोकं धरून बसलाय.

आता ऐक. तुझा फोन झाला. आई तोंड धुऊन बाहेर आल्या, दिवा लावला, आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. एकेक भाग बोटांनी चाचपून बघितला. मग दादाला म्हणाल्या, ‘हे शिवणयंत्रच आहे की रे.’... अगदी! हातानं फिरवायचं, आत दात्यांत दाते, रीळ वरखाली होतं, दोरा सारखा बसला पाहिजे. अठ्ठावीस वर्षं आख्ख्या आळीचे ब्लाउज शिवले त्यांनी, तुझी आणि दादाची कॉलेजं त्याच यंत्रावर झाली. यंत्र बिघडलं तर मेकॅनिक कधी बोलावलाय?... नाही ना? मग!

दादा म्हणाला, अगं पण लावायचं कशानं, हत्यारं तर बंद. आई म्हणाल्या, स्क्रूची खाच बघ केवढी रुंद आहे. पर्स उघडली, चार आण्याचं नाणं काढलं आणि लावलं खाचेत. फिरला स्क्रू!... हो ना, नदीकाठी उघडता यावं म्हणून जुन्या रिळांना तशाच खाचा असतात म्हणे. दादा म्हणे, हे चालतं का? आई म्हणाल्या, नाण्याची पूजा मी लक्ष्मीपूजनाला करते, आज नाही.

त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

मग, रीळ म्हणजे काही हत्यार नव्हे असं म्हणून, आधी रॉकेलनं हळदकुंकू काढलं. दादा चकत्या घालायचा, झाकण लावायचा, रीळ आईंच्या हातात द्यायचा. आई डोळे मिटून हँडल फिरवायच्या. ‘जड येतंय.’ परत उघड. ‘आता दाता घासतोय, डावीकडे.’ परत उघड. ‘सैल झालं, लटपटतंय.’... अकरा वेळा! मी मोजलं. मी वाटेत दोनदा चहा केला. आणि तुझा दादा, तो इंजिनिअर, मान खाली घालून, ‘आता बघ आई... आता?’ असं विचारत होता. तेव्हाच माफी मागितली गं त्यानं. शब्दांनी नाही मागितली, तुझ्या घरचे पुरुष कधी मागतात? पण मागितली.

अकराव्या वेळी आई फिरवतच राहिल्या. आवाजच नाही. लोण्यातून सुरी. साडेआठ वाजले होते... आणि टेबलावर एक चकती उरली.

हो ना! सातवी. दादा म्हणे, आई, ही आत होती, मी स्वतः काढलीये. आई म्हणाल्या, असेल, पण तिला आत जागा नाही. दादा म्हणे, फेकताना जोर बसला आणि आतलं सरकलं तर? म्हातारा उद्या जातोय, पुन्हा संधी नाही. आई म्हणाल्या, माझ्या हाताला कळतंय. ठेवायचा तर विश्वास ठेव, नाहीतर घाल तुझी चकती.

नाही घातली. खिशात टाकली, बस्स. मी बघत होते त्याच्याकडे... पण झोपला नाही धड. आणि पहाटे आई म्हणाल्या, मी पण येते, चुकलं असेल तर त्या गृहस्थांना मी तोंडानं सांगेन. तिघं रिक्षानं गेलेत. आता तूच सांग, ह्या बाईला गाडीत बसवायचं की... थांब, मोबाइल वाजतोय. त्याचाच आहे. ठेवू नकोस हं!

बोल रे. काय झालं?... लागलं का नीट?... वारा फार आहे तिकडे, मोठ्यानं बोल... टाकला? किती लांब?... अगंबाई! ऋजुता, टाकला त्यांनी गळ, तिथल्या जुन्या पुलाच्या मोडक्या खांबापलीकडे गेला म्हणे!... हो रे, ऋजुता आहे घरच्या फोनवर. पुढे सांग... आतलं सरकलं नाही ना?... मग?... काय म्हणाले?... अय्या!

ऋजुता, ऐक, ऐक. म्हातारबुवांनी दोरी गुंडाळली आणि थांबलेच. दादाला विचारलं, सातवी कुठाय? ह्यानं घाबरत खिशातून काढून दिली. तर म्हणाले, ही अण्णा गेल्यावर मी घातली होती, सैल वाटलं म्हणून. तेव्हापासून ते जड झालं, मला वाटलं रीळ म्हातारं झालं. अण्णा असताना ते असंच फिरायचं, आज फिरतंय तसं... हो गं... रडले. भर किनाऱ्यावर... मी नाही रडत, कांदा... कसला कांदा, पुरण शिजतंय म्हटलं ना मघाशी. रडतेय मी. तू पण रड.

हां, बोल रे... कुणाला दिली?... काठी? आईंना?... ऋजुता, बालाजीरावांनी काठी आईंच्या हातात दिलीये! ‘सरी अम्मा’, बरं का आई, ‘आता तुम्ही’ म्हणाले... आणि आईंनी घेतली?... पदर खोचून?... अरे, त्यांना फोन दे ना, ऋजुता इकडे तिकिटाचं विचारतेय... हो, आजच्या गाडीचं, अनयराव दारात उभे आहेत... दे की फोन... काय? ओढतोय? काय ओढतोय?... मासा?! अरे पकडायचा नाही, सोडून द्यायचा... बालाजीराव सोडतातच? मग ठीक आहे... आईंना विचार तरी, येणार का नाही ते... हं... हं... बरं, तसं सांगते.

ऋजुता? आहेस ना?... आईंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, तिला सांग, मला आत्ता बोलायला सवड नाही.