चुकीच्या मजल्यावरची तपासणी

हसू नका, पण मी सगळ्यात जास्त कुणावर जळलो असेन तर माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोन मॉर्मन पोरांवर. माझ्याच वयाची, जर्मनीत न्युरेम्बर्गला आपल्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचाराला आलेली. पोरं घर स्वच्छ ठेवतात का, नीट जेवतात का, हे बघायला एक निवृत्त अमेरिकन जोडपं यायचं. तेही मिशनरीच. आणि माझा बाप? मी युनिव्हर्सिटी सोडल्यापासून माझा फोनसुद्धा उचलत नाही.

एकदा नवीनच जोडपं आलं. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे ते एक जिना कमी चढले आणि माझ्या दारात उभे राहिले. मिशनरी कुठल्याही देशाचे असतात, म्हणून माझा भारतीय चेहरा बघून त्यांना काही वाटलं नाही. मीही चूक न सांगता त्यांना आत घेतलं.

आजीबाईंनी थेट फ्रिज उघडला. "बाळा, भाजी कुठाय? वाळलास किती!"

आजोबांनी विचारलं, "आईला फोन केलास?"

"केला," मी थाप मारली.

मग त्यांना शेगडीवरचा चहा दिसला. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही. आजीबाई कडाडल्या, "आत्ताच्या आत्ता ओतून टाक ते!"

खरं सांगतो, वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. मी पातेलं उचललं, तेवढ्यात वरचा पोरगा धावत आला. "अहो, आम्ही वर राहतो!"

आजीबाई वरमल्या. "म्हणजे तू आमच्यातला नाहीस?"

"नाही."

"अरे, मग खुशाल पी तू."

इतकं परकं मला बापानंही केलं नव्हतं.