हौदात न उतरलेली पोरं

पारोळ्याच्या मंडळींनो, अध्यक्ष शेठजी, शिक्षकबंधूंनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

इतकी माणसं नानांसाठी जमली हे बघून बरं वाटायला हवं. मला वाटत नाही. माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही नाना मास्तर अल्पशा आजारानं गेले असं सांगितलं. मी शाळेचा ड्रॉइंग मास्तर, मला भाषण येत नाही. जे पाहिलं ते सांगतो.

नाना आपले ड्रिल मास्तर. शेठजींनी शाळेला पोहण्याचा हौद बांधून दिला, त्यांचे उपकार आहेत. पण मंडळी, तो हौद सांभाळला कुणी? पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ती पांढरी पावडर जळगावहून डब्यातून यायची. नाना ती आदल्या संध्याकाळी बादलीत कालवायचे, गाळ खाली बसू द्यायचे आणि वरचं पाणी हौदाच्या चारी कडांनी ओतायचे. सकाळी आधी स्वतः ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून बघायचे. डोळे झोंबले, की त्या दिवशी पोहणं बंद. ज्याला खोकला त्यानं काठावर बसायचं. ज्यानं आंघोळ केली नाही त्याला परत पाठवायचे. आपण हसायचो. औषधच आहे, चार मुठी जास्त पडलं तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणायचात. मीही म्हणायचो. त्यावर नाना एकदाच म्हणाले होते, वरणात मीठही लागतंच, मूठभर घालून जेवून दाखवा.

मग वापरात असलेल्या हौदाचं रीतसर उद्घाटन ठरलं. जलपूजन करायचं ठरलं. फुलं, हळदकुंकू तर असतंच, पण या हौदाचं खरं दैवत ही पावडर, तेव्हा प्रत्येक पाहुण्यानं वाटीभर पावडर स्वहस्ते पाण्यात अर्पण करावी, ही कल्पना कुणाला सुचली? आता कुणीच सांगत नाही. तबकं मी सजवली. चांदीच्या वाट्या, वर एकेक गुलाबाची पाकळी. छान दिसत होतं. ते माझ्या हातचं काम होतं मंडळी, हे मी लपवत नाही.

एकेक पाहुणा आला, वाटी रिकामी करून गेला. प्रत्येक वाटीला टाळ्या. पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. वासानं पाहुण्यांनीच उपरणी नाकाला लावली. पोरं चड्ड्या घालून रांगेत उभी. नाना पायऱ्यांवर पोरांची वाट अडवून उभे राहिले आणि आपल्या बोलीत म्हणाले, "आज पाणीमा कोणी उतरानं नई."

शेठजी, तुम्ही विचारलंत, पाहुणे काय नुसतं पाणी बघून जाणार? नानांनी समजावलं. हात जोडले. तोवर सहावीतली दोन पोरं पहिल्या पायरीवर आलीसुद्धा. मग तुम्ही म्हणालात, एवढी भीती वाटते तर मास्तरांनीच पोहून दाखवावं.

नानांना लहानपणापासून दमा. कुणाला ठाऊक नव्हतं? सदरा काढून माझ्या हातात देताना ते हळूच म्हणाले, "मी उतरलो नाही, तर हे पोरांना उतरवतील."

दोन फेऱ्या मारल्या त्यांनी. टाळ्या झाल्या. मग मांडवाच्या मागं बसून खोकत राहिले, डोळे लालबुंद. पाहुण्यांना बासुंदी वाढणं चाललं होतं. मी पंगतीत होतो.

तो खोकला गेलाच नाही. अंथरुणावर असताना त्यांनी मला रोज एकच विचारलं, हौदाचं पाणी उपसलं का? मी हो म्हणायचो. मंडळी, पाणी उपसलं नव्हतं. मोट लावायला माणसं नाहीत म्हणून तिसऱ्या दिवशी पोरं त्याच पाण्यात सोडली. कितीजणांचे डोळे आले, ते इथं बसलेल्या आयांना विचारा. मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो. ते मला घेऊनच जगायचं आहे.

आता ठराव आला आहे, हौदाला नानांचं नाव द्यावं. माझा विरोध आहे. आधी पाणी उपसा. मग उद्यापासून आदल्या संध्याकाळी बादली कोण कालवणार आणि सकाळी ते पाणी आधी स्वतःच्या डोळ्याला कोण लावणार, त्याचं नाव सांगा. कुणी नसेल तर मी आहे. मला पोहता येत नाही, पण पोरांना थांबवता येईल. तेवढं मी नानांकडून शिकलो, उशिरा शिकलो.

नाना, तुम्हाला माझा दंडवत.

पोरांनो, तुम्ही बसूनच राहा. तुमचं काही चुकलेलं नाही. मोठ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. जड जाणार नाही. त्या दिवशी हौदाच्या काठावर आपण याहून जास्त वेळ गप्प होतो.