कव्हर बदलायला आलेली गाडी

हिलाल : लाल नकोच म्हणतो ना, चाचा. काळं टाका. मागच्या काचेवरचं नाव खरवडून काढा. बंपरलाही वेगळं काहीतरी लावा.

नूरचाचा : लाल तूच निवडलं होतंस. तीन तास बसून. चाळीस वर्षं मी धुळ्यात सीटकव्हर शिवतोय, इतकं छळणारं दुसरं गिऱ्हाईक आलं नाही.

हिलाल : आता नाही आवडत.

नूरचाचा : आणि पोरीचं नाव? तेपण नाही आवडत?

हिलाल : काम करायचं की नाही, तेवढं सांगा.

नूरचाचा : करतो की, पोटाचा धंदा आहे. काच कोरी, सीट काळी, बंपर वेगळा... हिलाल, गाडी कोणापासून लपवतोयस?

हिलाल : ...पतसंस्थेपासून. पाच हप्ते थकलेत. नरडाण्याच्या कंपनीत माणसं नेत होतो, तर कंपनीनं स्वतःची बस आणली. बठ्ठं, सगळंच भाडं एका दिवसात बंद. साडेअकरा हजारांचा हप्ता, आणू कुठून?

नूरचाचा : म्हणून गाडीला नवं रूप.

हिलाल : रूप बदलतो आणि सासरवाडीला नेऊन उभी करतो. चोपड्याच्या वर, डोंगराला लागून. तिथं कोण बघायला येतंय? चार-सहा महिन्यांत काम लागेलच कुठंतरी.

नूरचाचा : अरे बाबा, ते नंबर बघतात, चेसिस बघतात. सीटवर कोण बसलंय तेही बघत नाहीत, सीटचा रंग कशाला बघतील? हा घे माझा मोबाइल. वाच.

हिलाल : हा... हा तर माझ्याच गाडीचा नंबर.

नूरचाचा : सकाळी आला. माझा पुतण्या शेहजाद वसुलीवाल्यांबरोबर फिरतो. गाडी दाखवणाऱ्याला दोन हजार. धुळ्यातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना असे मेसेज येतात. आणि तू लपायला आलास तो नेमका आमच्याच गल्लीत.

हिलाल : तुम्ही सांगितलं त्याला?

नूरचाचा : सांगायचं असतं तर मोबाइल तुझ्या हातात दिला असता का? जामीनदार कोण आहे?

हिलाल : पाव्हणा. जीवराम, बहिणीचा नवरा. अमळनेर डेपोत कंडक्टर आहे.

नूरचाचा : म्हणजे पगारदार. मग झालं. तू गाडी डोंगरात नेलीस की ते त्याच्या पगाराला हात घालतील. गाडी सापडत नाही म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सापडणार?

हिलाल : ते मला कळत नाही असं समजू नका, चाचा. रोज तेच डोक्यात असतं. म्हणून तर त्याचा फोन उचलत नाही.

नूरचाचा : किती दिवस झाले?

हिलाल : दीड महिना. सही करताना त्यानं कागद वाचलासुद्धा नव्हता. भाऊंचं काम आहे म्हणाला, आणि पेन मागितला. आता काय तोंड दाखवू?

नूरचाचा : ऐक. कव्हर मी बदलत नाही. तू आत्ता पतसंस्थेत जा, चावी टेबलावर ठेव आणि पावती घेतल्याशिवाय उठू नको. म्हणावं, एक महिना द्या, गिऱ्हाईक मी स्वतः आणतो. लिलावापेक्षा चार पैसे जास्त येतील. उरेल ते तुलाच फेडायचंय, फुकट सुटणार नाहीस. पण पाव्हण्याच्या पगाराला हात लागायच्या आत त्याला सांग. इथूनच फोन लाव. माझ्यासमोर.

[हिलाल फोन लावतो. नूरचाचा हात लांब करून त्याचा स्पीकर चालू करतात.]

जीवराम : बोला भाऊ. कोठे शेतस तुम्ही?

हिलाल : धुळ्याले. पाव्हणा, एक सांगनं व्हतं. गाडीना हप्ता थकी गयात. पाच. मी आज गाडी जमा कराले जास.

जीवराम : माले माहीत शे.

हिलाल : काय माहीत शे?

जीवराम : दोन महिनापासून मना पगारमाईन पैसा कापाय ऱ्हायनात.

हिलाल : ...मग तुम्ही बोलनात का नही?

जीवराम : फोन करा ना. तुम्ही उचला नही. घर यीसन बोलतू, तर तुमनी बहीण दिपमालाबी संगे येती.

हिलाल : तिले माहीत नही?

जीवराम : नही. तिले वाटस, मी ओव्हरटाइम सोडी दिन्हा. आळशी झायात म्हनीसन रोज भांडस मनासंगे.

हिलाल : पाव्हणा...

जीवराम : ऱ्हाऊ द्या आते.

हिलाल : नही. तिले मी सांगस. आजच सांगस.

जीवराम : मग चावी दिधी का स्टँडवर या. साडेचारनी अमळनेर धरा. त्या बसवर मीच शे.