नीट विचार कर, पण लवकर!

...आणि वर म्हणतात, 'नीट विचार कर, पण लवकर!' अहो, तुम्हाला सांगतो, या एका वाक्याने माझं वाटोळं केलं! दोन्हीतलं एक काहीतरी मागा ना! परवा दाताचे डॉक्टर तेच, 'नेमका कुठला दुखतोय? नीट विचार करून सांगा, पण लवकर!' तोंडात आरसा घालून!

आणि काल हॉलमध्ये, दोन प्रोग्रामांच्या सामन्याला, आमचं गिऱ्हाईक. पहिल्या रांगेत ठाण मांडून बसलेलं. 'तुमचा बुद्धिबळाचा प्रोग्राम घेतो, पण आज सगळ्यांसमोर जिंकला तर! आणि लोकांना ताटकळायला आवडत नाही हं. नीट विचार करायचा, पण लवकर!'

आता प्रोग्राम दोघांचा, माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा. एक खोली, दोन खुर्च्या, भांडणं अखंड. ताई म्हणते, 'खोल बघू दे त्याला.' मी म्हणतो, 'अगं, एका चालीला तीस उत्तरं, त्या प्रत्येकाला आणखी तीस, बघत बसला तर आपण म्हातारे होऊ!' म्हणून मी छाटणी करतो. म्हणजे काय, तर उघड उघड मूर्खपणाच्या चाली बघायच्याच नाहीत. कोण शहाणा फुकट वजीर देतो? मग ती चाल बघायची कशाला?

काल ताई म्हणाली, 'आज छाटणी वाढवू नकोस. आणि हरलो ना, तर मी नोकरी धरणार. माझ्याने आता ओढवत नाही रे.' ताई गेली तर मी त्या खोलीत भांडू कोणाशी? खुर्चीशी? पण समोर गिऱ्हाईक सारखं घड्याळ बघतंय... वाढवली! तिच्या डोळ्यांदेखत वाढवली!

आणि काय खेळला आमचा! समोरची चाल होतेय न होतेय तोच उत्तर तयार! गिऱ्हाईक, 'वा! वा!' समोरचा प्रोग्राम मात्र विचार करतोय... करतोय... त्याचे मालक, एक चष्मेवाले मास्तर, हाताची घडी घालून ढिम्म! ताईने माझं मनगट घट्ट धरलं, 'एवढं काय बघतोय रे हा?'

'काही नाही गं, मंद आहे!'

आणि मास्तरांनी काय करावं? त्यांच्या प्रोग्रामने सांगितलं तसा वजीर उचलला आणि आमच्या राजाच्या पुढ्यात ठेवला. फुकट! गिऱ्हाईक हसलं, मी हसलो, आमच्याने तो वजीर गट्टम केला! ताई नाही हसली. हळूच म्हणाली, 'ही चाल आपल्याने बघितली होती का?'

कशी बघणार? मूर्खपणाची म्हणून मीच नव्हती का छाटली! मग त्यांचा घोडा आला, मागून हत्ती आला, आणि मात! आमच्या घड्याळात वेळ किती उरला होता माहितीये? माणूस आंघोळ करून, जेवून, डुलकी काढून आला असता! गिऱ्हाईक उठलं, 'लवकर होतं हो, नीट नव्हतं,' म्हणालं आणि चालू पडलं.

ताईने लॅपटॉप मिटला. लिफ्टचं बटण दाबून माझ्याकडे बघत राहिली. 'तूच सांग. जाऊ मी नोकरीला? नीट विचार कर.'

ऐकलंत? 'लवकर' म्हणाली नाही! जन्मात पहिल्यांदा कुणी ते शेपूट लावलं नाही! मग मी बसलो की विचार करत! 'नको' म्हटलं तर ती म्हणेल, 'मग खायचं काय?' त्यावर मी म्हणेन, 'बघू', त्यावर ती चिडेल, चिडली तर रडेल, ती रडली तर मीही रडणार... 'जा' म्हटलं तर ही खरंच जाईल, मग मी त्या खोलीत... नको! ते तर मुळीच नको! एक फांदी छाटली नाही, तुम्हाला सांगतो, पार टोकापर्यंत गेलो, आणि सापडलं उत्तर! 'ताई, नको गं जाऊस. मला तुझ्याशिवाय जमणार नाही.' शंभर टक्के अचूक!

लिफ्टच्या बंद दाराला सांगितलं.