चहा नको, आधी दाखला

माझं नाव मालन, माहेर खटाव तालुक्यातलं, वडूजपासनं दोन कोस आत, आन् माझा बाप शाळेत शिपाई होता. शाळेतला शिपाई, फौजेतला न्हाई, हे आधीच सांगते, कारण इथं चेन्नईत फौजीची बायको म्हणलं की लोकांना वाटतं हिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बंदूकवाले. बाप घंटा द्यायचा आन् म्हणायचा, माले, तू मास्तरीण झालीस तर मी घंटा दोनदा देईन. मी बी.ए. झाले, साताऱ्याला बी.एड.ला नंबर लागला, आन् त्याच महिन्यात लग्न ठरलं. सासरे म्हणले, शिक की, कोण नको म्हणतंय, नवऱ्याच्या गावी शिक. आता तुम्हीच सांगा ताई, फौजीला कसलं गाव? दोन-तीन वर्षं झाली की पेट्यांवरचं जुनं ठिकाण काळ्या रंगानं पुसायचं आन् पांढऱ्या रंगानं नवं लिहायचं, हे आमचं गाव.

पण शिकवायचं काय मी सोडलं न्हाई. सात ठिकाणं फिरले, सातही ठिकाणी शिकवलं, कुठं जवानांच्या पोरांची बालवाडी, कुठं पाचवी-सहावीला हिंदी, एकीकडं तर गणितसुद्धा, कारण गणिताच्या बाई बाळंतपणाला गेल्या त्या आल्याच न्हाईत. बदलीचा हुकूम आला की निरोपाचा चहा व्हायचा. समोसा, गुलाबजाम, मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबांचं दोन शब्द भाषण, मालनजींनी फार प्रेमानं सेवा केली, आन् मग टाळ्या, आन् मग हातात एक मोमेंटो. लाकडाची पाटी, तिच्यावर पितळी तलवारी, न्हाईतर एखादा पितळी घोडा. मी तो घेऊन फोटोला हसायची. सात घोडे-तलवारी झाल्या माझ्याकडं, दर आठवड्याला चिंचेनं घासायची, आन् मला वाटायचं ही माझी कमाई. मूर्ख होते मी, दुसरं काय.

शेवटची बदली चेन्नईची. आमचे हे युनिटात क्लार्क हवालदार होते, बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला त्यांनी. इथंच रिटायर झाले, पोरगी नववीत होती, तिची शाळा मोडायची न्हाई म्हणून आम्ही तांबरमला भाड्यानं घर घेतलं. रिटायर झालेल्या फौजीला लोक काय विचारत्यात माहितीये? वॉचमनची जागा आहे, येताय का? चाळिशीतला माणूस, अख्ख्या युनिटच्या फायली ज्यानं सांभाळल्या, त्याला एटीएमच्या दारात स्टूल. म्हणलं, मी धुणीभांडी करीन पण तुम्ही त्या स्टुलावर बसायचं न्हाई. त्यांना एका गोदामात हिशेबनिसाची नोकरी लागली आन् मला जवळच्या खाजगी शाळेत हिंदीची. इथं हिंदी शिकवायला माणूस मिळत न्हाई, आन् आम्ही फौजेतल्या बायका, पंजाबी, नेपाळी, मल्याळी सगळ्यांशी नळावर हिंदीतच भांडलेल्या. पण बी.एड. न्हाई म्हणून टेम्पररी. एप्रिलात नमस्कार, जूनमध्ये पुन्हा या. कायम करायचं तर बी.एड. पाहिजे, कायदाच आहे, आन् कायदा बरोबरच आहे, मी त्याला नावं ठेवत न्हाई.

तर मला कळलं की आधीच शिकवणाऱ्यांसाठी घरून करायचं बी.एड. असतं, सुट्टीत वर्ग, बाकी पुस्तकं पोस्टानं, फक्त दोन वर्षं शिकवल्याचा दाखला लागतो. म्हणलं, दोन? मी चौदा वर्षं शिकवलंय! आन् काय सांगू तुम्हाला, सांगायलाही लाज वाटते, मी त्या सातही पाट्या पिशवीत भरल्या, इलेक्ट्रिक ट्रेननं बी.एड.च्या ऑफिसात गेले आन् खिडकीतल्या माणसाच्या पुढ्यात एकेक मांडल्या. तो बघतच राहिला. मग शेजारच्याला म्हणाला, वांगो सार, इंगे पाऱुंगो, पात्रक्कडै. या साहेब, बघा, इथं भांड्यांचं दुकान. मला तेवढं तमिळ तोवर येत होतं. तो वाईट माणूस नव्हता, हसून झाल्यावर त्यानंच समजावलं, अम्मा, कागद पाहिजे, शाळेचं नाव, कुठल्या तारखेपासनं कुठल्या तारखेपर्यंत, आन् सही-शिक्का. मी पिशवी भरली. चौदा वर्षांत एकाही बाईसाहेबांनी मला कागद दिला नव्हता, आन् खरं म्हणजे मीच मागितला नव्हता. चहा पिऊन झाल्यावर कागद मागायचा म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं वाटायचं.

घरी येऊन मी रडले न्हाई, मला राग आला, आन् माझा राग कामाचा असतो. ह्यांना म्हणलं, काढा टाइपरायटर. ह्यांनी सातही ठिकाणी पत्रं लिहिली, फौजेच्या पद्धतीची, वर विषय, खाली संदर्भ, मुद्दे एक-दोन-तीन. चार ठिकाणांहून उत्तरच न्हाई. एकानं लिहिलं की त्या काळातली कागदपत्रं वाळवीनं खाल्ली. दोन ठिकाणांहून दाखले आले, दीड वर्ष आन् अकरा महिने, मिळून बसलं. चाळीस ओलांडल्यावर मी बी.एड. झाले. बाप तवा नव्हता, घंटा कुणी दिली न्हाई, पण झाले.

मग फौजेच्या क्वार्टर्समधल्या बायका यायला लागल्या, मालनताई, आमचं बघा की. शनिवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये चटईवर वर्ग, मी पाठाची टाचणं शिकवायची आन् हे कागद करायचे. रिटायर झालेले गडीपण यायचे. एक पांडियन हवालदार होता, मदुराईकडचा, गणितात पदवी, हुशार माणूस. त्याचा सराव पाठ बघायला मी गेले. छातीत हवा भरून उभा, अपूर्णांक तीन मिनिटांत सांगून टाकले आन् ओरडला, एनी डाउट? पोरं गप. नो डाउट, गुड! पाठ संपला. म्हणलं, पांडियन, ती पोरं समजली म्हणून गप न्हाईत, भेलीत म्हणून गप आहेत. तो म्हणाला, अक्का, वीस वर्षं मला कुणी डाउट विचारला न्हाई. तीन शनिवार मी चटईवर बसून त्याला येड्यासारखे प्रश्न विचारले, आन् तो दर खेपेला लाल व्हायचा, मग हळूहळू हसायला शिकला. आज तो एका शाळेत आहे आन् पोरं त्याच्या टेबलाला मुंग्यांसारखी चिकटत्यात.

पण मला सांगायचंय ते सुनंदाचं. सुनंदा बीडकडची, तिचा नवरा फौजेत नाईक, ती पंचविशीची पोरगी, बी.ए. झालेली. युनिटच्या पोरांच्या शाळेत तिनं पुरी दोन वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला होता. आन् नवऱ्याची बदली आली आसामला. बी.एड.च्या फॉर्मची शेवटची तारीख आठ दिवसांवर, गाडी सहा दिवसांवर. ती दाखल्यासाठी चार खेपा घालून आली होती. शाळा बघणाऱ्या ज्या बाईसाहेब होत्या त्या गोड बोलायच्या, हो हो सुनंदा, पोस्टानं पाठवू. मी सुनंदाला सांगितलं, हे बघ, निरोपाचा चहा कधी आहे? म्हणाली, परवा. म्हणलं, मग परवाच. चहा नको, आधी दाखला. तिचा नवरा आमच्या घरी धावत आला, वहिनी, माझ्या नोकरीवर येईल, तुमचं काय जातंय, तुमचे हे रिटायर झाले. खरं सांगते, त्याचं चुकत नव्हतं. मी त्याला म्हणलं, भाऊजी, तुमची नोकरी आणखी आठ-दहा वर्षं, मग तुम्ही पण स्टुलावर बसणार, तवा घरात एक तरी पक्का पगार नको का? तो उठून गेला.

चहाच्या दिवशी मी सुनंदाबरोबर गेले, मागच्या खुर्चीवर बसले. भाषण झालं, प्रेमानं सेवा वगैरे सगळं झालं, टाळ्या झाल्या, बाईसाहेबांनी लाकडी पाटी पुढं केली. आन् सुनंदानं हात मागं बांधले. ती म्हणाली, मॅडम, मला हे नको, माझा दाखला द्या. शब्द एकही गिळला न्हाई तिनं. बाईसाहेब हसल्या, अगं पाठवते म्हणलं ना. तर सुनंदा म्हणाली, मॅडम, फौजीच्या बायकोला पोस्टानं आलेलं कधी मिळत न्हाई, कागद पोचतो तवा ती पुढच्या गावाला गेलेली असते. तिचा नवरा दाराशी उभा होता, त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब न्हाई.

मग ऑफिसातनं घाईघाईनं एक कागद आला. सुनंदानं वाचला आन् माझ्याकडं दिला. लिहिलं होतं, यांनी कल्याणकारी कामात हौसेनं मदत केली. शिक्षिका हा शब्दच न्हाई! मी उठणार होते, ताई, माझ्या डोक्यात जाळ झाला होता, पण तिनं मला हातानं खाली बसवलं. म्हणाली, मॅडम, मी हौस केली न्हाई, मी शिकवलं. तिसरीची हजेरी आणा. आन् कुणी हलायच्या आत तिचा नवरा, तो घाबरट नाईक, ऑफिसात गेला आन् दोन वर्षांची दोन्ही पुस्तकं काखेत मारून घेऊन आला. टेबलावर ठेवली आन् सावधानमध्ये उभा राहिला. दोन वर्षांच्या रोजच्या हजेरीखाली वर्गशिक्षिका म्हणून सुनंदाची सही, तापात असतानाची वाकडी सहीसुद्धा. बाईसाहेबांनी पानं उलटली. किती उलटली कुणास ठाऊक, बराच वेळ. मग त्या आमच्याकडं न बघताच म्हणाल्या, टाइप करून आणा. पुढं काय म्हणाल्या माहितीये? त्या म्हणाल्या, मी पण लग्नाआधी कॉलेजात शिकवत होते. आन् सही केली. मला त्यांचा राग राहिला न्हाई त्यानंतर. राहिला असता तर बरं झालं असतं, राग सोपा असतो.

फॉर्म भरला. नवरा एकटा आसामला गेला, कारण सुट्टीतले वर्ग आन् सराव पाठ इथंच होते. सुनंदा अकरा महिने आमच्या मागच्या खोलीत राहिली, सासूनं बीडहून फोनवर नको नको ते ऐकवलं, नवरा सोडला, घर सोडलं, त्या चेन्नईवालीनं डोकं फिरवलं. म्हणलं, हो, फिरवलं, योग्य बाजूला फिरवलं. फोन माझ्याच हातात होता, मग सोडते का मी. सुनंदा पास झाली, पहिल्या वर्गात, आन् नवऱ्याकडं गेली.

आन् माझं? माझी शाळा म्हणाली, मॅडम, बी.एड. झालात, अभिनंदन, पण कायम करायला चाळिशीच्या आतलेच घेतो. म्हणजे मी अजून टेम्पररीच. एप्रिलात नमस्कार, जूनमध्ये पुन्हा या. आता सहन झालंय असं म्हणणार न्हाई, झालेलं न्हाई. दर एप्रिलात ह्यांना अर्ज टाइप करायला लावते, दर जूनमध्ये नकार येतो, हे म्हणत्यात, मालन, पुरे. मी म्हणते, त्यांना नकार लिहायचा कंटाळा येईस्तोवर न्हाई पुरे. पण शनिवारचा वर्ग भरतोय, चटई आता पुरत न्हाई, जिन्यात बसत्यात बायका.

काल दुपारी सुनंदाचा फोन आला आसामहून. तिथल्या शाळेत गेली तर म्हणले, या या, उद्यापासनं वर्ग घ्या, नेमणुकीच्या कागदाचं मागाहून बघू. म्हणलं, मग तू काय केलंस? म्हणाली, ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसलेय ताई, सकाळी नऊपासनं, चहा दोनदा आला, घेतला न्हाई. मागं पोरांचा दंगा ऐकू येत होता, मास्तर नसलेल्या वर्गाचा. म्हणाली, ताई, ती पोरं नुसतीच बसलीत हो, जीव तुटतो, जाऊ का आत? माझाही तुटला, खोटं कशाला बोलू, मी स्वतः असते तर गेले असते, सात वेळा गेलेच की. पण म्हणलं, न्हाई. देव तुझं भलं करो पोरी, बसून राहा. ऑर्डर हातात पडल्याशिवाय खडूला हात लावू नको.