जावई डिस्कला हात लावत नायत

...आणि वर मलाच म्हणतात, "मामी, मी हात लावला तर लायसन मोडेल!" अहो तुमाला सांगते, डोंगर उचलायला नव्हता सांगितला, डिस्क उघडायला सांगितली होती! पण जावई ना, बोलता येत नाय!

झालं काय, आमच्या डोळखांबच्या पाड्यावरचा नवसू, त्याचा वनजमिनीचा दावा. सोमवारी शेवटची तारीख. पुरावा एकच, म्हातारी लहानीचा जबाब, की ही जमीन नवसूचा बाप कसायचा, मी डोळ्यानं बघितलंय. लहानी गेली श्रावणात, कागद खाल्ला वाळवीनं, उरला त्याचा फोटो, अंगठ्यासकट, जावयांच्या डिस्कवर. आणि जावयांचा कंप्युटर जळलेला! मग लावा ना ती डिस्क वनहक्क समितीच्या कंप्युटरला? नाय उघडत! का? तर डिस्कवर फायली रचून ठेवायची जी मांडणी असते ना, फायल सिस्टीम म्हणतात तिला, ती जावयांनी भलत्याच कंपनीची घातलेली. दोन वर्षं हेच चाललंय, तिकडची मांडणी इकडच्या लिनक्सवर बसवायची, म्हणजे समितीचा कंप्युटर ज्या सिस्टीमवर चालतो तिच्यावर, आणि तीही फुकट! माझी लेक पूजा भाकऱ्या थापून थापून वाळली आणि हे जगाला वाटत सुटलेत!

मी म्हटलं, "दोन्ही फुकट ना? दोन्ही खुली ना, कुणीही घ्यावी, बदलावी अशी? मग जोडा की!" तर म्हणतात, "खुली आहेत मामी, पण लायसनं वेगळी. लिनक्सचं लायसन म्हणतं, माझ्यात मिसळलं ते माझ्याच अटीवर वाटा. त्या मांडणीचं म्हणतं, माझ्या अटी मी सोडणार नाय. मी जोडून दिलं तर नियम मोडतो. तुमी तुमच्या हातानं जोडलं तर चालतं." म्हणजे तांदूळ देतो, डाळ देतो, खिचडी तुमी शिजवा, मी वाढली तर गुन्हा! शिकलेली माणसं ही! अहो, आमच्यात सावड असते, आज माझ्या लावणीला तू, उद्या तुझ्या लावणीला मी. कुणी म्हटलंय कधी, तुझी बाई माझ्या बाईशेजारी चिखलात उभी राहायची नाय? पण जावई ना, बोलता येत नाय!

कंप्युटर समितीचा, समितीत मी. बसले खुर्चीवर, चौथी पास! एकेक अक्षर शोधतेय, आणि हे मागं हाताची घडी घालून, "मामी, ती आडवी रेघ... नाय, खालची... आता एंटर." अहो, ते एंटर दाबायला तुमचं बोट झिजतं? दोन तास! एकदा चुकलं तर पडदाभर इंग्रजी धावत आलं अंगावर, तर हे आणखी दोन पावलं मागं! नवसू दारात उकिडवा बसलेला... आणि उघडली! लहानीचा अंगठा पडद्यावर, निळाशार. रडले मी, खोटं कशाला सांगू?

सोमवारी दावा गेला, पोच मिळाली. नवसू नारळ घेऊन आला, टॉवेल-टोपी घेऊन आला, आणि मला ओलांडून सरळ जावयांच्या पाया पडला. "भाऊ, तुमच्यामुळं झालं!" वाटलं, आता तरी म्हणतील, अरे मी कुठं काय केलं... यांनी टोपी घातली, आरशात बघितली. नारळ तेवढा खवायला माझ्याकडं आला.

खवला. काय करणार? जावई ना!